सराफ्यातली पाटी आणि वेबसॉकेट : कुठे घ्यावं, कुठे टाळावं

इंदूरच्या सराफ्यात एकाच गल्लीत दोन बाजार भरतात. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं. ती मिटायला लागली की त्याच ओट्यांपुढे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचा कीस, दहीवडे, जिलेबी चालू. स्क्रीनची पाटी दोन्ही बाजारांच्या कामाची आहे: दिवसाच्या पेढीला भावाची, रात्रीच्या ठेल्याला टोकनची. आणि अशी पाटी विकायला येणाऱ्याच्या तोंडी एक शब्द हमखास असतो, वेबसॉकेट. भाव बदलला की आपोआप दिसणार, पान रिफ्रेश करावं लागणार नाही, कारण आत वेबसॉकेट आहे.

हे परीक्षण त्या वेबसॉकेटचं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी एका उघड्या कनेक्शनवर दोन्हीकडून बोलायच्या पद्धतीचं. मत आधीच सांगतो. रात्रीच्या टोकन पाटीला ते जरूर घ्यावं. या कामाला आज त्याहून चांगली वस्तू नाही. दिवसाच्या भाव पाटीला घेऊ नये. तिथे त्याचं थोरलं, साधं भावंड, सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, पुरतं आणि त्रासही कमी देतं. वेबसॉकेट एचटीटीपीच्या, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या नेहमीच्या बोलीच्या, दारातून आत येतं आणि आत आल्यावर एचटीटीपी सोडून देतं. त्याचा सगळा गुण त्यात आहे आणि सगळी उणीवही त्यातच आहे. ते असं का घडलं हे कळलं की पाटी विकत घेणाऱ्याला कोणते प्रश्न विचारायचे तेही कळतं, म्हणून थोडं मागे जाऊ.

एचटीटीपीत आधी ब्राउझरने विचारायचं, मग सर्व्हरने सांगायचं. सर्व्हरला आपणहून बोलायची सोय नाही. त्यामुळे जुन्या पाट्या दर दोन सेकंदांनी विचारत राहायच्या, काही बदललं का? दहा तास उघड्या दुकानात एका पाटीचे असे १८,००० प्रश्न होतात. भाव दिवसात शंभर वेळा बदलला तरी १७,९०० वेळा उत्तर एकच, काही नाही. प्रत्येक प्रश्नासोबत कुकी आणि हेडर (विनंतीच्या माथ्यावरच्या ओळी) धरून काहीशे बाइट जातात ते वेगळेच. मग युक्ती निघाली की सर्व्हरने प्रश्न दाबून धरायचा, बातमी आली की उत्तर सोडायचं, आणि ब्राउझरने लगेच पुढचा प्रश्न टाकायचा. हे लाँग पोलिंग. अशा सगळ्या युक्त्यांना ॲलेक्स रसेल यांनी २००६ मध्ये कॉमेट हे नाव दिलं. काम भागायचं, पण दोन्हीकडून बोलायचं तर एक कनेक्शन दाबून धरलेलं आणि दुसरं पाठवायला, अशी दुहेरी ओढाताण.

इयान हिक्सन तेव्हा एचटीएमएल ५ चा, म्हणजे वेबपानांच्या मानकाचा, मसुदा सांभाळत होते. त्यात टीसीपीकनेक्शन नावाची एक सोय लिहिलेली होती. कॉमेटवर काम करणारे मायकेल कार्टर आणि हिक्सन यांची जून २००८ मध्ये त्यावर चर्चा झाली. त्या चर्चेतून नवा आराखडा आला आणि वेबसॉकेट हे नावही.

ब्राउझरला सरळ टीसीपीच, म्हणजे दोन कॉम्प्युटरमधलं कच्चं कनेक्शनच, का देऊन टाकलं नाही, हा प्रश्न नवे प्रोग्रामर नेहमी विचारतात. उत्तर पेढीतच आहे. पेढीच्या कॉम्प्युटरवर कुणी एखादी भलती साइट उघडली, तर त्या साइटची स्क्रिप्ट पेढीतल्या प्रिंटरशी, हिशेबाच्या सर्व्हरशी थेट बोलू लागेल. राउटरची भिंत बाहेरच्यांसाठी असते. ब्राउझर तर भिंतीच्या आत बसलेला. म्हणून अट पडली: समोरचा सर्व्हर जाणूनबुजून वेबसॉकेट बोलतो हे सिद्ध होईपर्यंत स्क्रिप्टच्या मनातला एकही बाइट बाहेर जाता कामा नये. ही ओळख पटवण्याची देवाणघेवाण म्हणजे हँडशेक. पुढची तीन वर्षं जास्तीत जास्त वाद झाले ते यावर आणि मधल्या प्रॉक्सींवर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या वाटेतल्या मध्यस्थांवर.

२००९ संपता संपता क्रोम ४ मध्ये वेबसॉकेट आलं, तेही मसुदा पक्का व्हायच्या आधी. २०१० मध्ये प्रोटोकॉलचं काम इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या हायबाय गटाकडे गेलं. त्याच वर्षीच्या मे महिन्यातला ७६ वा मसुदा आजही अभ्यासण्यासारखा आहे, कारण त्यात चूक कशी होते ते स्वच्छ दिसतं. ब्राउझर दोन हेडर पाठवायचा, त्यांत आकडे, अक्षरं आणि मोकळ्या जागा मुद्दाम कालवलेल्या. सर्व्हरने आकडे वेचून संख्या बनवायची, तिला मोकळ्या जागांच्या संख्येने भागायचं, असे दोन भागाकार काढायचे, त्यांना हेडर संपल्यावर येणारे ८ बाइट जोडायचे आणि सगळ्याचा एमडी५, म्हणजे गणिताने काढलेला ठसा, परत पाठवायचा. घोटाळा त्या ८ बाइटांत होता. ते लांबी न सांगता यायचे. मधल्या प्रॉक्सीच्या लेखी विनंती हेडरपाशीच संपलेली, त्यामुळे ती ते ८ बाइट पुढे ढकलायचीच नाही आणि सर्व्हर त्यांची वाट बघत बसायचा. कागदावर नीट, रस्त्यावर बंद.

खरा धक्का २०१० च्या अखेरीस बसला. हुआंग, चेन, बार्थ, रेस्कोर्ला आणि जॅक्सन या संशोधकांनी दाखवून दिलं की वापरणाऱ्याला न कळता वाटेत बसलेल्या काही पारदर्शक प्रॉक्सींना अपग्रेड हा, बोली बदलायला सांगणारा, शब्दच कळत नाही. हँडशेक झाल्यावर जे काही वाहतं ते अशा प्रॉक्सीला नेहमीचं एचटीटीपीच वाटतं. हल्लेखोराची स्क्रिप्ट मग वेबसॉकेटमधून मजकूर पाठवते तो हुबेहूब दुसऱ्या साइटकडच्या विनंतीसारखा. उत्तर येतं हल्लेखोराच्या सर्व्हरकडून. आणि प्रॉक्सी ते उत्तर त्या दुसऱ्या साइटची फाइल समजून साठवून ठेवते. त्या प्रॉक्सीमागच्या प्रत्येकाला मग विषारी फाइल मिळत राहते. फायरफॉक्स ४ आणि ऑपेराने वेबसॉकेट मुळात बंद ठेवूनच आवृत्त्या दिल्या. आमच्या मते या प्रोटोकॉलचं सगळ्यात मोठं भाग्य हेच, की तो घाईत पक्का झाला नाही आणि हे त्याआधी सापडलं.

उपाय निघाला मास्कचा. ब्राउझरकडून सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे निरोपाच्या पाकिटासाठी, ४ बाइटांची नवी यादृच्छिक की, म्हणजे किल्ली, निवडायची आणि मजकुराचा प्रत्येक बाइट तिच्याशी एक्सॉर करायचा, म्हणजे दोघांचे बिट वेगळे असतील तिथे १, सारखे असतील तिथे ० लिहायचा. ठेल्यावरचं उदाहरण घेऊ. गल्ल्यावरून स्वयंपाकाच्या स्क्रीनसाठी गराडू हा शब्द निघाला. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत, देवनागरीच्या दर चिन्हाला ३ बाइट लागतात. ग, र, काना, ड, दीर्घ उकार अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. त्यातल्या ग चे तीन बाइट २२४, १६४ आणि १५१. या फ्रेमची की समजा ५५, २०२, १९, ८८ निघाली. तर तारेवर जातात २१५, ११० आणि १३२. पुढच्या र चा पहिला २२४ चौथ्या आकड्याशी भिडून १८४ होतो, आणि त्यापुढे की पुन्हा ५५ पासून. सर्व्हर तीच क्रिया उलट करतो आणि शब्द परत मिळतो. पुढच्या फ्रेमला की वेगळी, म्हणून तोच गराडू वेगळ्याच आकड्यांत जातो. तारेवर नेमके कोणते बाइट उमटतील हे स्क्रिप्टला ठरवता येत नाही, तेव्हा प्रॉक्सीला फसवणारी विनंती रचताही येत नाही.

मास्क म्हणजे गुप्तता असा समज फार पसरलेला आहे आणि तो चूक आहे. की त्याच फ्रेममध्ये, मजकुराच्या अगदी आधी, उघडी जाते. गुप्ततेसाठी टीएलएस हे कूटलेखन, म्हणजे पत्ता डब्ल्यूएसएस (wss) ने सुरू होणारा. सर्व्हरकडून येणाऱ्या फ्रेमला मास्क नसतो. ब्राउझर हे सगळं आपोआप करतो, पण टोकनचं बटण एखाद्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बसवून हाताने कोड लिहिला की इथेच चुकतं: मास्क राहून जातो, आणि नियम पाळणारा सर्व्हर कनेक्शन बंद करतो. चार शून्यांची की वापरून वेळ मारून नेणारा कोडही असतो. तो चालतो खरा, पण ज्या कारणासाठी मास्क आला तेच त्यात उडतं.

डिसेंबर २०११ मध्ये वेबसॉकेटचं मानक, आरएफसी ६४५५, प्रसिद्ध झालं. संपादक इयान फेट आणि अलेक्सी मेल्निकोव्ह. हँडशेकमधला आवृत्तीचा आकडा आहे १३, कारण मधले मसुदे आपापले आकडे खर्च करत आले. ९ ते १२ हे तर राखून ठेवले, वापरले नाहीत. नवा हँडशेक जुन्याच्या मानाने किती सुटसुटीत झाला ते बघा. ब्राउझर १६ यादृच्छिक बाइट घेतो, बेस६४ मध्ये, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, त्यांची २४ अक्षरं होतात, ती हेडरमध्ये पाठवतो. सर्व्हर त्या २४ अक्षरांना मानकात छापलेली ठरावीक ३६ अक्षरं जोडतो, त्याचा एसएचए-१ (एमडी५ सारखाच ठसा) काढतो, २० बाइट येतात, त्यांची बेस६४ मध्ये २८ अक्षरं, आणि तेवढं १०१ (बोली बदलली) या उत्तरासोबत परत. आकडेमोड अवघड नाही. समोरच्याने हे मानक वाचलं आहे एवढीच खूण पटवायची आहे. स्वतः सर्व्हर लिहिणाऱ्यांच्या दोन ठरलेल्या चुका: २४ अक्षरं आधी उलगडून मग जोडणं, आणि एसएचए-१ चे कच्चे बाइट न घेता त्याचं हेक्स रूप बेस६४ करणं. उत्तर २८ ऐवजी ५६ अक्षरांचं आलं की दुसरी चूक झाली हे न बघता सांगता येतं.

फ्रेमची बांधणी या मानकातली आम्हाला सर्वांत आवडणारी गोष्ट. लहान निरोपाला फक्त २ बाइटांचं डोकं. त्यात निरोप संपला का, मजकूर आहे की बायनरी की नियंत्रण, मास्क आहे का, लांबी किती, सगळं मावतं. लांबी १२५ पर्यंत असेल तर तिथल्या तिथे. १२६ हा आकडा लिहिला तर पुढचे २ बाइट लांबीचे, १२७ लिहिला तर पुढचे ८. म्हणजे गराडू सर्व्हरकडून पाटीकडे १७ बाइटांत पोचतो आणि गल्ल्यावरून सर्व्हरकडे, मास्कच्या ४ बाइटांसकट, २१ मध्ये. जिथे एकेका प्रश्नाला काहीशे बाइट मोजावे लागत, तिथे हा खर्च.

आता रात्रीची पाटी. ठेल्यावर तीन स्क्रीन धरू: गल्ल्यावर टॅब्लेट, कढईपाशी एक, आणि गिऱ्हाइकांसाठी बाहेर मोठी. गल्ल्यावर ऑर्डर पडते, कढईवाल्याला दिसते, तो तयार हे बटण दाबतो, बाहेर ४७ नंबर लागतो, आणि गल्ल्यावर ती ऑर्डर मिटते. निरोप सगळीकडून सगळीकडे जातात, क्षणात जावे लागतात, क्रमाने जावे लागतात. एका कनेक्शनवर दोन्हीकडून बोलणं, तेही पाठवल्या क्रमाने पोचणं, ही वेबसॉकेटची जन्मजात ताकद. इथे दुसरं काही लावणं म्हणजे आडवाटेने जाणं.

पण बसवताना जे बिघडतं ते ओळीने सांगायला हवं, कारण यातलं काहीच प्रोटोकॉल स्वतः करत नाही.

पहिला बिघाड ६० सेकंदांचा. सर्व्हरपुढे बहुधा एन्जिनएक्स हे प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. त्यात वेबसॉकेटची सोय २०१३ च्या १.३.१३ आवृत्तीपासून आहे, पण ती आपणहून चालू होत नाही. मागच्या सर्व्हरशी एचटीटीपी १.१ बोलायचं हे सांगावं लागतं, आणि अपग्रेड व कनेक्शन ही दोन हेडर हाताने पुढे पाठवावी लागतात, कारण ती एका टप्प्यापुरतीच असतात, प्रॉक्सी ती गिळते. एवढं केलं की हँडशेक होतो. मग तक्रार येते: गर्दीत पाटी मस्त चालते, गर्दी ओसरली की तुटते. कारण एन्जिनएक्सचा वाचनाचा टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा आहे. मिनिटभर कुणी काही बोललं नाही की ते कनेक्शन तोडतं. टाइमआउट वाढवून प्रश्न पुढे ढकलला जातो, मिटत नाही. वाटेतले राउटर आणि मोबाइल कंपनीचं नेटवर्क यांचे आपापले टाइमआउट असतातच. सर्व्हरने दर २५ सेकंदांनी पिंग, म्हणजे आहेस का असं विचारणारी छोटी फ्रेम, पाठवावं. ब्राउझर त्याला पाँगने आपोआप उत्तर देतो. पाटी मोबाइल डेटावर असो की ब्रॉडबँडवर, ही सवय दोन्हीकडे उपयोगी.

दुसरा बिघाड जास्त वाईट, कारण तो दिसत नाही. राउटरची लाइट गेली, वायर निघाली, तर टीसीपीला कुणी सांगायला येत नाही की गडी गेला. दोन्ही बाजूंना कनेक्शन उघडंच वाटतं. लिनक्सची स्वतःची तपासणी मुळात दोन तासांनी, ७,२०० सेकंदांनी सुरू होते, तीही मागितली असेल तरच. तोवर बाहेरच्या पाटीवर ४७ झळकत राहतो आणि कढईवर ६३ उतरलेला असतो. गिऱ्हाईक पाटीवर विश्वास ठेवून उभं, गराडू थंड. बंद पडलेली पाटी परवडली, चुकीचं दाखवणारी नाही. इथे ब्राउझरची एक मर्यादा नीट समजून घ्यावी: पिंग आणि पाँग पानावरच्या कोडला दिसतही नाहीत आणि पाठवताही येत नाहीत. म्हणून पिंगच्या जोडीला साध्या मजकुराची एक नाडी हवी. सर्व्हरने दर २० सेकंदांनी एक छोटा निरोप द्यावा; पानाने ४५ सेकंद काहीच आलं नाही तर कनेक्शन मेलं असं धरावं, पाटीवर संपर्क नाही अशी ठळक लाल पट्टी लावावी आणि नवं कनेक्शन उघडावं. जुनं बंद झाल्याची खबर उशिराने येऊ शकते, तिच्यासाठी थांबू नये.

तिसरं, पुन्हा जोडणं. तुटलेलं वेबसॉकेट तुटलेलंच राहतं; ब्राउझर ते परत जोडत नाही. ते काम पानाच्या कोडचं. एक सेकंदाने, मग दोन, चार, आठ असं करत ३० पर्यंत जावं, आणि प्रत्येक वेळी थोडा यादृच्छिक फरक मिसळावा. हा फरक सोडला तर काय होतं? एकाच पुरवठादाराच्या तीनशे पाट्या असतील आणि सर्व्हर क्षणभर बंद होऊन उठला, तर तीनशेही एकाच सेकंदाला दार ठोठावतात, सर्व्हर परत बसतो, दोन सेकंदांनी सगळे पुन्हा एकत्र. यादृच्छिक फरकाने ही गर्दी आपोआप पसरते.

जोडल्यावर काय दाखवायचं हेही ठरवलेलं असावं. तुटलेल्या वेळात गेलेले निरोप गेले. वेबसॉकेट ते साठवून ठेवत नाही. चांगल्या पाटीत कनेक्शन उघडताच सर्व्हर आत्ताची पूर्ण यादी देतो, मग पुढचे बदल अनुक्रमांक लावून. पाटीला ११२ नंतर ११४ दिसला की ती पूर्ण यादी पुन्हा मागते. उलट दिशेलाही काळजी हवी. कढईवाल्याने बटण दाबलं त्याच क्षणी कनेक्शन मेलेलं असेल तर पाठवण्याची आज्ञा काही तक्रार करत नाही, निरोप मात्र हवेत विरतो. प्रत्येक दाबण्याला स्वतःचा क्रमांक द्यावा, सर्व्हरची पोच येईपर्यंत बटण पिवळं ठेवावं, पोच नाही आली तर तोच क्रमांक पुन्हा पाठवावा, आणि सर्व्हरने एकदा पाहिलेला क्रमांक दुसऱ्यांदा मोजू नये. टीसीपी विश्वासार्ह आहे असं म्हणून हे टाळणारे टोकन हरवतात.

सुरक्षेत एक भोक मुळातच आहे. एका साइटची स्क्रिप्ट दुसऱ्या साइटचं उत्तर वाचू शकत नाही, हा ब्राउझरचा नेहमीचा पहारा वेबसॉकेटला लागू होत नाही. कुठल्याही साइटची स्क्रिप्ट तुमच्या सर्व्हरकडे वेबसॉकेट उघडू शकते, आणि ब्राउझरच्या कुकी नियमांनी अडवलं नाही तर लॉगिनची कुकीही सोबत जाते. ओरिजिन हे हेडर सर्व्हरने तपासलंच पाहिजे. आपलं नाव नसेल तर हँडशेकलाच नकार. ब्राउझरमधून स्वतःची हेडर जोडता येत नाहीत म्हणून काही जण पासवर्डवजा टोकन पत्त्यातच लिहितात, आणि ते प्रॉक्सीच्या लॉगमध्ये उघडं पडून राहतं. ते पहिल्या निरोपात पाठवावं, आणि तो येईपर्यंत सर्व्हरने काहीही सांगू नये.

मराठी-हिंदी मजकुराच्या पाटीत आणखी एक दोष हमखास भेटतो: मधेच चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. मजकूर सर्व्हरपाशी तुकड्यांत येतो आणि तुकडा अक्षराच्या तीन बाइटांच्या मधोमध तुटू शकतो. ज्याने प्रत्येक तुकडा सुटा उलगडला त्याच्या पाटीवर गराडूचा डू फुटतो. पूर्ण निरोप जमला की मगच उलगडावा. इंग्रजी मजकुरावर केलेल्या चाचणीत हा दोष कधीच सापडत नाही, तेव्हा चाचणी देवनागरीतच घ्या. मानक इथे कडक आहे: मजकुराच्या फ्रेममध्ये मोडकं यूटीएफ-८ आलं तर कनेक्शन १००७ या संकेताने बंद.

संकेतांवरून आठवलं. १००० म्हणजे रीतसर सांगून बंद, १००१ म्हणजे पान सोडलं किंवा सर्व्हर मिटतोय. तक्रारीत सर्वांत जास्त दिसतो तो १००६, आणि तो तारेवरून कधी येतच नाही. काही न सांगता तुटलं हे कळवायला ब्राउझर तो स्वतः भरतो. हँडशेक नाकारला की नेट गेलं, हे ब्राउझर पानाला मुद्दाम सांगत नाही, नाहीतर भलत्या साइटला आतल्या नेटवर्कची चाचपणी करता येईल. १००६ वर कारण शोधायचं तर सर्व्हरच्या लॉगमध्येच.

कॉम्प्रेशन बंद ठेवावं. डिसेंबर २०१५ च्या आरएफसी ७६९२ ने ते आणलं आणि मोठ्या मजकुराला ते चांगलंच, पण १५ बाइटांच्या शब्दात दाबायला काही नसतं. दाबण्याचं काम करणाऱ्या झेडलिब या लायब्ररीच्या नेहमीच्या मांडणीत दाबण्याच्या बाजूला दर कनेक्शनमागे २५६ केबी मेमरी अडकते. हजार पाट्यांना २५६ एमबी, तीही कशासाठी नाही. एचटीटीपी २ वरून वेबसॉकेट नेणारा आरएफसी ८४४१ २०१८ मध्ये आला आणि एचटीटीपी ३ साठीचा ९२२० २०२२ मध्ये. ठेल्याच्या तीन स्क्रीनला त्यांनी काही फरक पडत नाही.

आता दिवसाची पाटी. पेढीतला भाव एकाच दिशेने वाहतो, सर्व्हरकडून पाटीकडे. पाटी उलट काहीच बोलत नाही. मग वर सांगितलेली सगळी जुळवाजुळव कशासाठी? इथे सर्व्हर-सेंट इव्हेंट्स लावावं. तेही हिक्सन यांच्याच मसुद्यांतून आलेलं, वेबसॉकेटच्या आधीचं. ऑपेराने २००६ मध्येच त्याचा प्रयोग केला होता, आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची शिफारस म्हणून ते २०१५ मध्ये पक्कं झालं. ते एचटीटीपी सोडतच नाही. साधी विनंती, साधं २०० (ठीक आहे) उत्तर, फक्त उत्तर संपत नाही; भाव बदलला की सर्व्हर त्यात डेटा या शब्दाने सुरू होणारी एक ओळ आणि खाली एक रिकामी ओळ लिहितो. रिकामी ओळ विसरली की ब्राउझर गप्प बसतो, नवख्यांचा अर्धा दिवस यात जातो.

कनेक्शन तुटलं तर ब्राउझर ते स्वतः जोडतो. किती वेळाने जोडायचं ते सर्व्हर रिट्राय या ओळीत सांगतो. शेवटचा कोणता क्रमांक पाहिला तेही ब्राउझर हेडरमध्ये आपणहून कळवतो, म्हणजे मधले भाव भरून देता येतात. वेबसॉकेटमध्ये हाताने लिहावं लागलेलं बरंचसं इथे फुकट मिळतं.

तरी तीन जागा सांभाळाव्या. एन्जिनएक्स उत्तर साठवून एकदम पाठवतं, त्यामुळे भाव उशिरा आणि गठ्ठ्याने येतात. या पत्त्यापुरतं बफरिंग बंद करावं. शांत वेळात दर १५ सेकंदांनी विसर्गचिन्हाने, म्हणजे कोलनने, सुरू होणारी एक टिप्पणीची ओळ पाठवावी, म्हणजे मधलं कुणी तोडत नाही. आणि तिसरी जागा पुष्कळांना माहीत नसते: आपोआप जोडणं नेट तुटल्यावर होतं, पण सर्व्हर रीस्टार्ट होत असताना प्रॉक्सीने ५०२ (मागचा सर्व्हर मिळत नाही) दिलं तर ब्राउझर कायमचा थांबतो. पानाने अधूनमधून स्थिती तपासावी, बंद दिसली तर नवीन उघडावं. पेढीच्या एकाच कॉम्प्युटरवर सहाहून जास्त टॅबमध्ये तीच पाटी उघडायची असेल तर एचटीटीपी २ लावावं, कारण एचटीटीपी १.१ वर क्रोम आणि फायरफॉक्स एका पत्त्याला सहाच कनेक्शन देतात. सातवा टॅब नुसता फिरत राहतो.

पाटी विकायला आलेल्याकडून पैसे देण्यापूर्वी दुकानातच ही परीक्षा करून घ्यावी. पाटी चालू असताना राउटरची बाहेरची वायर काढा आणि घड्याळ लावा. ४५ सेकंदांच्या आत पाटीवर संपर्क नाही असं दिसलं पाहिजे. जुना आकडा तसाच राहिला तर नाडी बसवलेली नाही. वायर काढलेलीच ठेवून दुसऱ्या नेटवरच्या मोबाइलवरून तीन ऑर्डर टाका, कढईच्या स्क्रीनवर एक बटण दाबा. ते हिरवं झालं तर पोच न घेताच रंग बदलतोय. दोन मिनिटांनी वायर लावा. अर्ध्या मिनिटात तिन्ही ऑर्डर क्रमाने, एकेकदाच दिसायला हव्यात, आणि दाबलेलं बटण एकदाच मोजलं गेलेलं. मग सगळं शांत ठेवून पाच मिनिटं कुणीही काही दाबू नका, आणि पाच मिनिटांनी गराडू असा एक शब्द टाका. तो कढईवर लगेच, न फुटता उमटला तर पैसे द्या.